जपानमधून आपल्या घरात

प्रास्ताविक : रोजच्या वापरातील कितीतरी वस्तू आपण विचार न करता हाताळतो. त्या कोणी शोधल्या, कोणत्या अडचणीतून शोधल्या, हे आपल्याला ठाऊक नसते. प्रस्तुत पाठात अशा पाच वस्तूंची माहिती दिली आहे. या पाचही वस्तू एकाच देशात, जपानमध्ये जन्माला आल्या. दुसऱ्याचे कष्ट पाहून त्यांवर उपाय शोधणाऱ्या माणसांची ओळख या पाठातून होते.

जपान हा आशिया खंडाच्या पूर्व टोकाचा एक बेटांचा देश. जपान म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर मोटारगाड्या, मनगटी घड्याळे आणि वेगाने धावणाऱ्या रेल्वेगाड्या येतात. पण जपानमध्ये जन्मलेल्या काही वस्तू याहून कितीतरी लहान आहेत. त्या इतक्या लहान आहेत, की त्यांचा कोणी शोध लावला असेल, हेच आपल्या मनात येत नाही. त्यांतली एखादी वस्तू आज तुमच्या घरात असेल, एखादी दप्तरात असेल, तर एखादी स्टेशनवर तुमच्या पायाखाली असेल. चला, या वस्तूंची ओळख करून घेऊ या.

१. मच्छर-अगरबत्तीचे वेटोळे

पावसाळा आला, की डास वाढतात. मग संध्याकाळी घराघरांत हिरव्या रंगाची गोल अगरबत्ती पेटते. तिला कोणी मच्छर-अगरबत्ती म्हणतात, तर कोणी नुसतेच कॉईल म्हणतात. ही अगरबत्ती गोल का असते, असा प्रश्न तुम्हांला कधी पडला आहे का?

जपानच्या वाकायामा भागात एइचिरो उएयामा नावाचे एक गृहस्थ राहत. त्यांच्या घरी संत्र्यांच्या बागा होत्या. एका अमेरिकन व्यापाऱ्याकडून त्यांना एका फुलझाडाचे बी मिळाले. शेवंतीच्या कुळातले हे पांढरे फूल दिसायला साधेच होते. त्याचे नाव पायरेथ्रम. या फुलाच्या भुकटीने किडे मरतात. उएयामा यांनी हे बी आपल्या शेतात पेरले आणि शेजारच्या शेतकऱ्यांनाही या पिकाची माहिती दिली.

आता या भुकटीचा उपयोग डासांसाठी कसा करावा? सुरुवातीला लोक ती लाकडाच्या भुशात मिसळून निखाऱ्यावर टाकत. त्यातून खूप धूर होई. शिवाय ऐन उन्हाळ्यात घरात निखारे कोण ठेवणार? तेव्हा उएयामा यांना देवापुढे लावण्याच्या उदबत्तीची आठवण झाली. इ. स. १८९० मध्ये त्यांनी पायरेथ्रमची भुकटी घालून सरळ काडीची अगरबत्ती तयार केली. डास पळवणारी ही पहिली अगरबत्ती होय.

अगरबत्ती चांगली होती. पण ती सुमारे चाळीस मिनिटांतच संपे. माणूस झोपतो सहा-सात तास. मध्यरात्री उठून पुन्हा अगरबत्ती कोण लावणार? काडी लांब करावी तर ती मोडते. जाड करावी तर धूर फार होतो. अनेक दिवस हा पेच सुटेना.

हा पेच त्यांच्या पत्नीने सोडवला. तिचे नाव युकी. वेटोळे घालून बसलेला साप पाहून तिला ही कल्पना सुचली, असे सांगतात. "अगरबत्ती सरळ कशाला हवी? ती सापासारखी गुंडाळली तर लांबीही वाढेल आणि जागाही कमी लागेल," असा तिचा विचार होता. हे वर्ष होते १८९५. पण कल्पना सुचली म्हणजे वस्तू तयार झाली, असे नसते. ओली अगरबत्ती गुंडाळली, की ती खाली चिकटे. सुकली, की तडा जाई. ती नीट वाळवण्याची युक्ती सापडायला आणखी सात वर्षे गेली. शेवटी १९०२ मध्ये गोल अगरबत्ती बाजारात आली. अनेक वर्षे ही वेटोळी हातानेच वळली जात.

आज बाजारात मिळणारी अगरबत्ती रात्रभर पुरते. तुम्ही एक गोष्ट पाहिली असेल. दोन अगरबत्त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि त्या हलक्या हाताने सोडवाव्या लागतात. अशा रचनेमुळे एका अगरबत्तीच्या जागेत दोन मावतात. आता त्यांत बहुधा फुलांच्या भुकटीऐवजी तिच्यासारखेच काम करणारी रसायने असतात. मात्र धूर तो धूरच! म्हणून अगरबत्ती लावलेल्या खोलीची खिडकी थोडी उघडी ठेवावी.

२. भात शिजला, की बंद होणारे भांडे

जपानी लोकांचे मुख्य अन्न भात. पूर्वी तेथे भात चुलीवर शिजवत. घरातील स्त्री सर्वांच्या आधी, पहाटे अंधारात उठे. लाकडे पेटवी, फुंकर घाली, जाळ कमी-जास्त करी. जरा लक्ष चुकले, की भात करपे. हे काम रोज आणि जन्मभर! आपल्या आजीला विचारले तर तीही चुलीपुढल्या धुराची अशीच हकिगत सांगेल.

तोशिबा या जपानी कंपनीने विजेवर भात शिजवणारे भांडे बनवायचे ठरवले. हे काम कंपनीने योशितादा मिनामी या एका लहान कारखान्याच्या मालकाकडे सोपवले. मिनामी यांना यंत्रांचे ज्ञान होते. पण भात कसा शिजतो, हे त्यांना कोठे ठाऊक होते? ते ज्ञान होते त्यांच्या पत्नीकडे. तिचे नाव फुमिको.

फुमिकोने हे काम अंगावर घेतले. ती रोज पुन्हा पुन्हा भात शिजवी. किती तांदूळ, किती पाणी, किती वेळ, किती उष्णता याची ती नोंद ठेवी. उन्हाळा गेला, हिवाळा आला. कडाक्याच्या थंडीत भांडे घराबाहेर ठेवून तिने प्रयोग केले. कारण थंड हवेत शिजलेला भात आणि गरम हवेत शिजलेला भात सारखाच व्हायला हवा होता. या प्रयोगांसाठी मिनामी यांनी आपले घरही गहाण ठेवले. घरात मुले होती, खर्च वाढत होता आणि यश येईल, याची खात्री कोणालाच नव्हती.

शेवटी युक्ती सापडली. एक भांडे दुसऱ्या भांड्यात ठेवायचे. आतल्या भांड्यात तांदूळ आणि पाणी, बाहेरच्या भांड्यात थोडे मोजलेले पाणी. बाहेरचे पाणी उकळून संपायला सुमारे वीस मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात भात शिजतो. पाणी आहे तोवर भांड्याची उष्णता १०० अंश सेल्सियसच्या वर जात नाही. पाणी संपले, की ती झपाट्याने वाढते. येथे एक लहानशी पट्टी कामाला येते. दोन वेगवेगळ्या धातूंचे पत्रे एकमेकांना चिकटवून ही पट्टी केलेली असते. उष्णतेने एक धातू जास्त प्रसरण पावतो आणि दुसरा कमी. त्यामुळे पट्टी वाकते आणि वीज आपोआप बंद होते. आपल्या घरातील इस्त्रीतही अशीच पट्टी असते. म्हणून तर इस्त्री तापली, की तिचा दिवा विझतो.

डिसेंबर १९५५ मध्ये हे भांडे जपानच्या बाजारात आले. लाखो स्त्रियांची पहाटेची झोप त्याने परत मिळवून दिली. भांड्यावर नाव कंपनीचे होते. फुमिकोचे नाव मात्र अनेक वर्षे फारसे कोणाला माहीत नव्हते. १९५९ मध्ये, ऐन पंचेचाळिशीच्या आसपास, तिचे निधन झाले. आता जपानमध्ये या भांड्याची गोष्ट सांगताना तिचे नाव आदराने घेतात.

३. पाते मोडणारी सुरी

हस्तकलेच्या तासाला आपण कागद कापण्याचे कटर वापरतो. त्याच्या लांब पात्यावर तिरप्या रेघा असतात. टोक बोथट झाले, की रेघेवर एक तुकडा मोडायचा. लगेच नवे धारदार टोक मिळते. हे कटरही जपानचेच!

ओसाका शहरात योशिओ ओकादा नावाचा तरुण छपाईच्या कामात होता. दिवसभर कागद कापायचे, हे त्याचे काम. त्या वेळी दाढीच्या पात्याने कागद कापत. पात्याचे टोक थोड्याच वेळात बोथट होई. बाकीचे पाते चांगले असूनही ते फेकून द्यावे लागे. हा अपव्यय ओकादाला रोज बोचत असे.

त्याच्या मनात दोन आठवणी होत्या. एक होती कारागिरांची. चामड्याचे काम करणारे कारागीर काचेच्या तुकड्याने खरवडत आणि काच बोथट झाली, की तिला पुन्हा फोडून नवी धार मिळवत. दुसरी आठवण होती चॉकलेटची. महायुद्धानंतर जपानमध्ये आलेल्या अमेरिकन सैनिकांजवळ खाचा पाडलेली चॉकलेटे असत. खाचेवर दाबले, की हवा तेवढा तुकडा सहज मोडे. काच आणि चॉकलेट! या दोन गोष्टी त्याच्या मनात एकत्र आल्या आणि १९५६ मध्ये खाचा पाडलेल्या पात्याची सुरी तयार झाली.

पुढे ओकादाने भावांच्या मदतीने कारखाना काढला. त्याच्या सुरीचे नाव ओल्फा. जपानी भाषेत 'ओरु' म्हणजे मोडणे आणि 'हा' म्हणजे पाते. या दोन शब्दांवरून ते नाव तयार झाले आहे. ही सुरी पिवळ्या रंगाची असते, कारण पिवळा रंग इतर हत्यारांच्या गर्दीत चटकन नजरेस पडतो.

एक सूचना मात्र लक्षात ठेवा. पात्याचा तुकडा हाताने मोडू नये, पकडीने मोडावा. मोडलेला तुकडा कागदात नीट गुंडाळून मगच कचऱ्यात टाकावा. नाहीतर कचरा उचलणाऱ्याच्या हाताला तो लागेल.

४. काळ्या-पांढऱ्या चौकटी

भाजीवाल्याच्या गाडीवर, किराणा मालाच्या दुकानात, औषधाच्या दुकानात आज एक चौकोनी चित्र लावलेले दिसते. त्यात काळे-पांढरे लहान लहान चौकोन असतात. मोबाइल त्याच्यासमोर धरला, की दुकानदाराच्या खात्यात पैसे जातात. या चित्राला क्यूआर कोड म्हणतात. म्हणजे झटपट उत्तर देणारी खूण.

पैसे देण्यासाठी ही खूण तयार झाली नव्हती. तिचा जन्म मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात झाला. जपानच्या आइची प्रांतात डेन्सो नावाची कंपनी आहे. तेथे प्रत्येक खोक्यावर उभ्या रेघांचे बारकोड चिकटवलेले असत. एका बारकोडात सुमारे वीसच अक्षरे किंवा अंक मावत. माहिती जास्त आणि जागा कमी. त्यामुळे एकेका खोक्यावर दहा-दहा बारकोड लावावे लागत. कामगारांना ते एकामागून एक वाचावे लागत. दिवसभर हेच काम करून ते थकून जात. त्यांनी आपली अडचण मासाहिरो हारा या अभियंत्याला सांगितली.

हारा यांना 'गो' नावाचा खेळ आवडे. त्यात पटावर काळ्या आणि पांढऱ्या सोंगट्या मांडतात. आपल्या खुणेतही असेच काळे-पांढरे चौकोन मांडता येतील, असे त्यांना वाटले. बारकोडात माहिती फक्त आडव्या दिशेने असते. चौकोनात ती आडवी आणि उभी अशी दोन्ही दिशांनी भरता येते. त्यामुळे एका खुणेत सुमारे सात हजार अंक मावू लागले.

पण यंत्राला ही खूण चटकन सापडायला हवी. खोके तिरपे असले, उलटे असले तरी सापडायला हवी. म्हणून हारा यांनी खुणेच्या तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन ठेवले. या चौकोनांवरून रेघ ओढली, तर काळा, पांढरा, काळा, पांढरा, काळा असे भाग १:१:३:१:१ या प्रमाणात येतात. हेच प्रमाण का? हारा आणि त्यांच्या सोबत्यांनी मासिके, जाहिराती, खोकी असे कितीतरी छापील साहित्य तपासले आणि त्यात सर्वांत क्वचित आढळणारे प्रमाण निवडले. त्यामुळे यंत्राची फसगत होत नाही. या खुणेचा आणखी एक गुण आहे. तिच्यावर डाग पडला किंवा तिचा थोडा भाग फाटला, तरी ती वाचता येते.

१९९४ मध्ये क्यूआर कोड जगासमोर आला. कंपनीजवळ त्याचे हक्क होते. तिने ठरवले असते, तर वापरणाऱ्या प्रत्येकाकडून पैसे घेता आले असते. पण तिने हा कोड सर्वांना मोफत वापरू दिला. म्हणूनच तो जगभर पसरला.

आपल्या महाराष्ट्रातील एका शिक्षकांनी या कोडचा उपयोग शिक्षणासाठी केला. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषदेच्या शाळेत रणजितसिंह डिसले हे शिक्षक होते. त्यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. मोबाइलने तो कोड वाचला, की कविता ऐकता येई, चित्रफीत पाहता येई. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड छापले जाऊ लागले. २०२० मध्ये डिसले यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' हा जागतिक पुरस्कार मिळाला. पुरस्काराची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. कारखान्यातल्या कामगारांसाठी तयार झालेली खूण अशी खेड्यातल्या मुलांच्या हाती आली.

५. पायांनी वाचायचा रस्ता

शेवटची वस्तू सर्वांत साधी आहे. रेल्वे स्टेशनच्या फलाटावर कडेला पिवळ्या फरश्यांची एक पट्टी असते. मेट्रोच्या स्थानकात तर ती दारापासून गाडीपर्यंत जाते. या फरश्यांवर काही ठिकाणी लांबट उंचवटे असतात, तर काही ठिकाणी गोल. फरशी घसरू नये म्हणून किंवा शोभेसाठी ते केले आहेत, असे पुष्कळांना वाटते. खरे म्हणजे ही एक लिपी आहे. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, ते ती पायांनी आणि काठीने वाचतात.

जपानमधील ओकायामा शहरात सेइची मियाके नावाचे गृहस्थ होते. ते प्रवाशांसाठी खाणावळ आणि निवास चालवत. त्यांच्या एका मित्राची दृष्टी गेली होती. जपानमध्ये तो मोटारींची संख्या झपाट्याने वाढण्याचा काळ होता. पांढरी काठी घेतलेला अंध माणूस वाहनांच्या गर्दीत रस्ता कसा ओलांडणार? फुटपाथ कोठे संपतो आणि रस्ता कोठे सुरू होतो, हे त्याला कसे कळणार? मियाके यांच्या मनाला या प्रश्नाने घेरले.

त्यांनी विचार केला, डोळ्यांना दिसत नसले तरी पायांना कळते. बूट घातलेल्या पायालाही खडबडीत जमीन आणि सपाट जमीन यांतला फरक समजतो. मग रस्त्याची सूचना पायांनाच का देऊ नये? १९६५ मध्ये त्यांनी उंचवटे असलेली फरशी तयार केली. १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा येथील अंधशाळेजवळच्या चौकात या फरश्या प्रथमच बसवण्यात आल्या.

पण पुढे काय? कोणी फरश्या विकत घेईना. दिसणाऱ्या माणसांना त्यांची गरज वाटत नव्हती आणि रस्ते बांधण्याचे निर्णय तर दिसणारी माणसेच घेत होती. मियाके यांनी स्वतःचे पैसे खर्च केले. काही शहरांना त्यांनी फरश्या मोफत देऊ केल्या. त्यांचे भाऊ या कामात त्यांच्यासोबत होते. पैशांची चणचण भासू लागली, तरी त्यांनी हे काम सोडले नाही. १९७० मध्ये ओसाका येथील एका रेल्वे स्थानकाच्या फलाटावर या फरश्या बसल्या. त्यानंतर मात्र शहरांमागून शहरे ही फरशी वापरू लागली. १९८२ मध्ये मियाके यांचे निधन झाले. २०१२ मध्ये या फरश्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानक ठरले. आज जगातील कितीतरी देशांत त्या दिसतात.

या फरश्यांची लिपी अगदी सोपी आहे. तिच्यात दोनच अक्षरे आहेत. लांबट उंचवटे म्हणजे 'चला, या दिशेने पुढे जा'. गोल उंचवटे म्हणजे 'थांबा, सावध व्हा'. पुढे जिना असेल, वळण असेल, रस्ता असेल किंवा फलाटाची कड असेल, तेथे गोल उंचवटे असतात. फरश्यांचा रंग पिवळा ठेवतात, कारण ज्यांना अगदी अंधूक दिसते, त्यांनाही पिवळा रंग ओळखता येतो.

आता जरा आपल्या आजूबाजूला पाहा. पुष्कळदा या पट्टीवर कोणीतरी स्कूटर उभी केलेली असते. कोठे फेरीवाल्याची टोपली असते, तर कोठे प्रवाशांचे सामान. कोठे पट्टी मध्येच तुटलेली असते, तर कोठे ती थेट खांबावर जाऊन संपते. आपल्याला त्याचे काही वाटत नाही. आपण वळसा घालून जातो. पण त्या पट्टीवर विश्वास ठेवून चालणारा माणूस त्या स्कूटरवर जाऊन आदळतो. पुस्तकाचे एक पान फाडले, तर आपल्याला वाईट वाटते. ही पट्टी अडवणे म्हणजे कोणाच्या तरी पुस्तकाचे पान फाडणेच होय.

या पाच वस्तू शोधणारी माणसे आपल्यासारखीच होती. एक शेतकरी कुटुंबातला होता, एक छापखान्यात कागद कापत होता, एक खाणावळ चालवत होता, एक कारखान्यात नोकरी करत होता. युकी आणि फुमिको तर घर सांभाळत होत्या. त्यांच्यापाशी एक गुण मात्र सारखा होता. जी अडचण इतरांनी 'हे असेच चालायचे' म्हणून सोडून दिली होती, तिच्यापाशी ते थांबले. रात्री पुन्हा पुन्हा उठावे लागणारा माणूस, पहाटे धुरात डोळे चोळणारी स्त्री, दमलेला कामगार, रस्त्याच्या कडेला उभा असलेला अंध मित्र यांच्याकडे त्यांनी नीट पाहिले.

असे पाहणे आपल्यालाही जमेल. नवा शोध लागेल तेव्हा लागेल. तोपर्यंत एक गोष्ट तर आजच करता येईल. उद्या फलाटावर उभे राहाल, तेव्हा पायाखाली पाहा. पिवळी पट्टी दिसली, तर आपले दप्तर उचला आणि दोन पावले बाजूला व्हा. त्या वाटेने कोणीतरी येत असेल.

शब्दार्थ

वेटोळे – गोल गुंडाळी
भुकटी – चूर्ण, पूड
निखारा – जळता कोळसा
पेच – न सुटणारी अडचण
करपणे – जास्त जाळाने जळणे
हकिगत – घडलेली गोष्ट
प्रसरण पावणे – फुगणे, आकाराने वाढणे
बोथट – धार नसलेले
अपव्यय – वाया घालवणे, नासाडी
सोंगटी – पटावरील खेळात मांडायची वस्तू
अंधूक – अस्पष्ट
मानक – सर्वांनी पाळायचे ठरलेले प्रमाण

वाक्प्रचार

अंगावर घेणे – जबाबदारी स्वीकारणे
नजरेस पडणे – दिसणे
चणचण भासणे – कमतरता जाणवणे
फसगत होणे – फसणे
वळसा घालणे – फेरा घेऊन जाणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पायरेथ्रमच्या भुकटीचा उपयोग कोणता?
(आ) अगरबत्ती गोल करण्याची कल्पना कोणाला सुचली?
(इ) ओकादाला कोणत्या दोन गोष्टींवरून नव्या सुरीची कल्पना सुचली?
(ई) उंचवट्यांची फरशी प्रथम कोठे बसवण्यात आली?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) सरळ काडीची अगरबत्ती रात्रभर पुरत नसे.
(आ) फुमिकोने थंडीत घराबाहेर प्रयोग केले.
(इ) क्यूआर कोड जगभर पसरला.
(ई) फरश्यांचा रंग पिवळा ठेवतात.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) भात शिजल्यावर भांडे आपोआप कसे बंद होते?
(आ) 'ही पट्टी अडवणे म्हणजे कोणाच्या तरी पुस्तकाचे पान फाडणेच होय,' असे लेखकाने का म्हटले आहे?

प्र. ४. भाषाभ्यास
(अ) कागद, रस्ता, जमीन, बाजार, खर्च, मालक, हवा, कारखाना हे शब्द या पाठात आले आहेत. हे शब्द उर्दूतही आहेत. त्यांचे उर्दू उच्चार वर्गात म्हणून पाहा. कोणत्या शब्दांचा उच्चार मराठीत थोडा बदलला आहे?
(आ) 'दुकान' हा शब्द उर्दूत स्त्रीलिंगी आहे. मराठीत तो नपुंसकलिंगी आहे. म्हणून आपण 'मोठे दुकान' असे म्हणतो. 'शहर' हा शब्द उर्दूत पुल्लिंगी आहे. मराठीत तोही नपुंसकलिंगी आहे. 'दुकान' आणि 'शहर' हे शब्द वापरून मराठीत प्रत्येकी दोन वाक्ये लिहा.

उपक्रम : आपल्या घरी, शाळेत किंवा मोहल्ल्यात कोणाला रोज कोणती अडचण येते, ते आठवडाभर पाहा. एक अडचण निवडा. तिच्यावर काय उपाय करता येईल, ते दहा ओळींत लिहून वर्गात वाचून दाखवा.